बिनवायरचे गजभिये सर

गजभिये सरांशी माझी ओळख एका चुकीच्या प्रश्नानं झाली. नागपुरात गांधीबागेजवळच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात मी मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. स्टाफरूममध्ये खिडकीपाशी एक सावळे, रुंद खांद्यांचे गृहस्थ दोन काळ्या, जाडजूड वस्तू समोरासमोर ठेवून त्यांच्याकडे टक लावून बसले होते. मी विचारलं, "सर, हे रिमोट कशाचे?" सगळी स्टाफरूम हसली. ते मात्र हसले नाहीत. शेजारची खुर्ची ओढून म्हणाले, "बसा मॅडम. रिमोट नाही हाये. पण तुमी जे म्हटलं ना, ते होईन एक दिवस."

कॅल्क्युलेटर होते ते. दुकानात दिसतात तसले नव्हेत, आलेख काढणारे. समीकरण घातलं की वरच्या छोट्या पडद्यावर त्याची वाकडी रेघ उमटायची. आपल्याकडे ते कुणी वापरत नाही. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं परदेशातून येताना एक आणून दिला होता, आणि सरांना त्याचं असं वेड लागलं की त्या विद्यार्थ्याच्याच मागे लागून त्यांनी जोडीचा दुसराही मागवला. दोघांच्या बुडाशी एकेक भोक होतं. त्यांत वीतभर वायर खुपसली की एकातलं गणित दुसऱ्यात जायचं. सरांना ती वायर नको होती. त्यांना ते हवेतून पाठवायचं होतं. एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि मी त्यांना ओळखत होते तोवर ते बदललं नाही.

बोलणं हा सरांचा मुख्य उद्योग, गणित त्याखालोखाल. डाव्या गालात पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा धरायचा आणि उजव्या कोपऱ्यातून शब्द सोडायचे, ही त्यांची पद्धत. खर्रा सोडा म्हटलं की म्हणत, "डोक्याचं इंजिन हाये ते, मॅडम." वर्गात कुणाचं उत्तर चुकलं तर रागवत नसत. "बरोबर हाये गा," म्हणत, "पण दुसऱ्या प्रश्नाचं हाये." मुलं त्यांच्यावर जीव टाकत आणि त्यांच्या तासाला गणित सोडून बाकी सगळं शिकत.

आम्ही राहायला दोघंही हुडकेश्वरला. माझं घर आणि त्यांचं घर एकाच गल्लीत, मध्ये दोन प्लॉट मोकळे. त्यामुळे कॉलेजात अर्धवट राहिलेली वाक्यं संध्याकाळी फाटकाशी पुरी व्हायची. शालिनीताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, ओट्यावर शिलाई मशीन घेऊन ब्लाउज शिवत असायच्या. मूलबाळ नव्हतं. सर बोलू लागले की त्या मशीनचं चाक जोरात फिरवायच्या. "माझा बी आवाज असू द्या थोडा," असं मला म्हणायच्या.

पहिली युक्ती टीव्हीच्या रिमोटची होती. रिमोटमधला डोळा काढून एका कॅल्क्युलेटरला बसवला, दुसऱ्याला त्याचं ऐकणारा कान. टेबलावर समोरासमोर ठेवले तर चालायचं. जरा कलले की गप्प. खिडकीतून ऊन आलं की दोघंही बहिरे. नागपुरात ऊन येणार नाही अशी जागा शोधण्यात सरांचा एक उन्हाळा गेला. मग त्यांनी बिनवायरच्या डोअरबेल आणल्या आणि त्यांच्यातला रेडिओ उपसून वापरला. त्यांचा कॅल्क्युलेटर काही पाठवू लागला की पलीकडच्या ठाकरेकाकूंच्या दारावरची घंटी वाजायची. काकू दार उघडायच्या, कुणी नसायचं. आठवडाभरानं त्यांनी दाराला लिंबू-मिरची बांधली. सरांनी जाऊन खरं काय ते सांगितलं. काकूंना ते लिंबू-मिरचीपेक्षा अवघड वाटलं. त्यांनी ती काही सोडली नाही.

स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी विचारायचंच, "सर, मोबाईल हाये ना सगळ्यांपाशी. हे काहून?"

"मोबाईल दुसऱ्याच्या टावरवर बोलते," सर म्हणायचे. "हे दोघं आपसात बोलतीन. मधात कोनी नाही."

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती त्यांनी एकदा मला चहा थंड होईपर्यंत समजावून सांगितली. "हे दोघं कसे बोलतात पाहा. हा एक खूण करते अन थांबते. तो म्हणते, पोचलं. मग हा दुसरी खूण करते. तो पोचलं म्हणत नाही तवर हा पुढं सरकत नाही. आपल्या स्टाफरूममंधी कोनी असं बोलते का, सांगा." वायरीतून हे 'पोचलं' लगेच यायचं. हवेतून यायला पापणी लवण्याहूनही कमी उशीर व्हायचा, पण तेवढ्यानं पहिला कॅल्क्युलेटर हिरमुसून पडद्यावर 'एरर' दाखवायचा. म्हणून दोघांनाही एकेक छोटं सर्किट हवं, जे इकडच्याला लगेच 'पोचलं' म्हणेल आणि मग सवडीनं खरोखर पोचवेल. "म्हणजे खोटं बोलणारं सर्किट," मी म्हटलं. "धीर देनारं," सर म्हणाले.

इंटरनेटवर जगभरातल्या अशाच वेड्यांचा एक अड्डा होता. तिथे कुणीतरी परदेशातून हाच प्रश्न विचारलेला सरांना सापडला: दोन कॅल्क्युलेटर बिनवायरचे कसे जोडावेत? खाली लोकांनी बऱ्याच कल्पना लढवल्या होत्या, कुणी तडीस नेली नव्हती, आणि मग सगळे निघून गेले होते. प्रश्न खूप वर्षांपूर्वीचा होता. सरांनी त्याला भलंमोठं उत्तर लिहिलं. इंग्रजी तपासायला मला दाखवलं. त्याला कधीच कुणाचं उत्तर आलं नाही. "ज्यानं विचारलं तो पोट्टा आता बापही झाला असन," सर म्हणाले. तरी पुढे कितीतरी महिने ते रोज एकदा बघत.

कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांनी आपली जोडी मांडली तेव्हा ती दोन बाकांच्या अंतरावर चालत होती, म्हणजे दहातल्या चार वेळा चालत होती. प्राचार्य आले. पाहिलं. म्हणाले, "गजभिये, परीक्षेत मुलं हेच करतात आणि आपण त्यांना पकडतो. तुम्ही शिकवून राहिले का?" आजूबाजूचे हसले. सर समजावू लागले तर प्राचार्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्यापासून हे कॉलेजात आणू नका." त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये त्यांचं नाव 'कॉपीवाले सर' पडलं. ते नाव विद्यार्थ्यांनी नाही, शिक्षकांनी ठेवलं. सरांनी दोन्ही कॅल्क्युलेटर बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात घातले आणि डबा घरी कपाटावर टाकला. कॉलेजात त्यानंतर ते त्याबद्दल बोलले नाहीत.

त्या हिवाळ्यात त्यांनी माझ्या डब्यातली सांबारवडी नाकारली. सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेली तिखट वडी, आणि माझा डबा उघडला की ते आधी वड्या मोजत. "जिभेले काहीतरी झालं हाये. झोंबते," म्हणाले. मी डॉक्टरकडे जा म्हटलं. त्यांनी मध लावला, मग हळद लावली, मग कसलं तरी मलम. होळीपर्यंत ते डाव्या बाजूनं काही चावेनासे झाले. शालिनीताई एका सकाळी त्यांच्या स्कूटरची किल्ली पदरात बांधून बसल्या आणि म्हणाल्या, "दवाखान्यात जातो म्हनान तरच देतो." तेव्हा गेले.

जीभ काढावी लागेल, जबड्याचा तुकडा काढावा लागेल, गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवावी लागेल, जेवण पोटातल्या नळीनं. डॉक्टरांनी हे सगळं एका बैठकीत सांगितलं. सरांनी विचारलं, "बोलता येईन का?" डॉक्टर म्हणाले, जगता येईल.

ऑपरेशनची तारीख ठरली आणि सर गप्प झाले. मला वाटलं, धक्का बसला. मी भेटायला गेले तर ते पलंगावर बसून पाटीवर लिहीत होते. शालिनीताई दाराशी उभ्या होत्या, चेहरा रागानं काळवंडलेला.

"चार दिवस झाले, ताई. एक शब्द नाही काढला. मी म्हटलं काय झालं, तर पाटीवर लिहितात, सराव करून राहिलो म्हनून."

सरांनी माझ्याकडे पाटी वळवली. 'आधीच सवय केली की मग जड जात नाही.' व्यवस्थित, फळ्यावरच्यासारखं अक्षर.

शालिनीताईंनी पाटी त्यांच्या हातातून काढून घेतली. ओरडल्या नाहीत. "हे पाहा," म्हणाल्या, "मरन आलं म्हनून कोनी आधी मरून पाहात नाही. जीभ हाये तवर तं बोला. मंग मले आयुष्यभर हेच पाहाचं हाये."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "शालू, पानी दे वं."

मी तिथून निघाले. पुढचे दोन दिवस त्यांच्या घराचं दार बंद होतं आणि आतून त्यांचा आवाज येत होता, एकसारखा, कधी हसण्यासारखा, कधी नुसताच. काय बोलले ते शालिनीताईंनी कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

ऑपरेशननंतर घरी आलेला माणूस अर्धाच होता. चेहऱ्याची डावी बाजू आत बसली होती, मांडीचं कातडं तोंडात शिवलं होतं, गळ्यातल्या नळीतून श्वासाचा सूं-सूं आवाज. लाळ गळत असे आणि त्याची त्यांना फार लाज वाटे. कुणी आलं की टॉवेल तोंडाशी धरत. त्यानंतर रेडिएशन झालं, किमो झालं. किमोनं बोटांच्या टोकांची जाणीवच गेली. पाटीवरचं ते अक्षर आता लहान मुलानं गिरवल्यासारखं पडू लागलं, पेन्सिल हातातून सुटायची. मोबाईलच्या काचेवर बोट नेमकं कुठे पडलं ते त्यांना कळत नसे. एक अक्षर दाबायला जात आणि तीन उमटत. बटणांचा साधा फोनही आणून पाहिला. त्याची बटणं एकमेकांना चिकटलेली, हरभऱ्याएवढी.

आणि नळी तुंबायची. कफ घट्ट झाला की श्वास अडायचा. आतली छोटी नळी काढून धुवायची, घरात ठेवलेल्या मशीननं कफ ओढून घ्यायचा, नळी परत बसवायची, हे शालिनीताई शिकल्या होत्या. पण अडचण अशी की त्या स्वयंपाकघरात असल्या, मागे कपडे वाळत घालत असल्या, तर सर हाक मारणार कशी? ते थाळीवर चमचा वाजवत. एकदा चमचा खाली पडला. शालिनीताई आल्या तोवर त्यांचे ओठ निळे पडले होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी कपाटाकडे बोट दाखवलं. शालिनीताईंनी डबा काढून दिला.

कॅल्क्युलेटरची बटणं मोठी होती, उंच होती, एकमेकांपासून सुटी होती. दाबलं की खाली जायचं, आणि ते बोटाला नाही तरी मनगटाला कळायचं. मी सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतून त्यांनी पाटीवर लिहून दिलेल्या वस्तू आणून दिल्या: रेडिओचे नखाएवढे दोन बोर्ड, तारा, एक बझर. डाग द्यायला त्यांचे हात चालेनात म्हणून शालिनीताईंनी सोल्डरिंगची सळई धरली. त्यांचे हात शिवणाचे. त्यांना एकदा दाखवलं की पुरे. सर बोट दाखवत, त्या टाका घालत. कित्येक आठवडे त्या घरातून राळेच्या धुराचा वास येत होता. जे काम त्यांना धडधाकट असताना जमलं नव्हतं ते त्यांनी पलंगावर बसून केलं. ते धीर देणारं सर्किट अखेर चाललं.

पहिला निरोप मी पाहिला. शालिनीताई गॅसपाशी होत्या, कॅल्क्युलेटर मिठाच्या बरणीला टेकवलेला. बझर वाजला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एकेक करून उमटलं, शालू. त्यांनी हात पुसले आणि ठरल्याप्रमाणे एक या आकड्याचं बटण दाबलं. म्हणजे, पोचलं. मग गॅस बंद करून तिथेच खाली बसल्या.

मला वाटलं होतं, आता सगळं सोपं होईल. काही दिवस झालंही. शालिनीताईंनी कॅल्क्युलेटरसाठी कापडी पिशवी शिवली आणि ती गळ्यात अडकवली. 'नळी' आलं की धावायचं. 'उशी' आलं की उशी. कधी काहीच काम नसताना नुसतंच, 'काय करून राहिली'. दुपारी मशीनवर बसल्या असता ते एखादं समीकरण पाठवत आणि त्यांच्या पडद्यावर वाकडी रेघ उमटे. "आता याचं मी काय करू, ताई," त्या मला दाखवत. मग एकचं बटण दाबत.

पण त्या रेडिओचा पल्ला गल्लीच्या टोकापर्यंतच होता. पिठाच्या गिरणीपाशी गेलं की निरोप यायचा थांबे. हळूहळू माझ्या लक्षात आलं की शालिनीताई गिरणीपर्यंत जातच नाहीत. भाजी गल्लीत येणाऱ्या हातगाडीवरून. दळण मी पोचवायचं. बुद्धविहारातली रविवारची वंदना त्यांनी लग्न होऊन आल्यापासून चुकवली नव्हती. विहार गिरणीच्या पलीकडे होता. ती सुटली. कुणी विचारलं तर म्हणत, "घरीच म्हनतो मी." त्यांचं जग त्या पिशवीनं आखून दिलं होतं.

सरांनाही ते दिसलं. एका सकाळी त्यांनी मला बोलावून पडद्यावर लिहून दाखवलं: 'अँटेना हवी.' छतावर बांबू उभा केला, त्याला मापानं कापलेली तांब्याची तार. मग शालिनीताई कॅल्क्युलेटर हातात धरून रस्त्यानं चालू लागल्या. बझर वाजला की एक दाबायचं, चार पावलं पुढे जायचं. वाजला नाही की मागे यायचं. भर रस्त्यात एक बाई हातात काळं यंत्र धरून पुढे-मागे करतेय हे बघायला लोक थांबले. कुणीतरी विचारलं, "काकू, जमिनीत काही सापडून राहिलं का?" त्या म्हणाल्या, "नवरा सापडून राहिला." आणि पुढे गेल्या. पल्ला वाढला, गिरणी ओलांडली, आणि विहाराच्या फाटकाशी संपला. आतल्या भिंतींपलीकडे काही येईना. मग रविवारी आत वंदना चाले आणि शालिनीताई बाहेर फाटकाच्या पायरीवर बसून म्हणत, पिशवी मांडीवर.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी काटोलहून निरोप आला. त्यांच्या आईनं अन्न सोडलं होतं. काटोल काही फार लांब नाही, बसनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पण शालिनीताई ऐकेनात. "मले जमत नाही," एवढंच. भाऊ रोज फोन करे. त्या फोन ठेवत आणि मशीन चालवू लागत, सुईत दोरा नसला तरी.

सरांनी मला निरोप दिला, 'तुम्ही घ्या'. त्यांचं म्हणणं मला कळायला वेळ लागला. एक दिवस पिशवी मी गळ्यात घालायची होती.

शालिनीताईंनी मला नळी काढायला शिकवली. दोनदा करून दाखवली, दोनदा माझ्याकडून करून घेतली. माझे हात थरथरले. त्या म्हणाल्या, "थरथरले तरी चालते. थांबाचं नाही फक्त." सकाळच्या बसनं गेल्या. जाताना दारातून तीनदा वळून पाहिलं.

दुपारपर्यंत काही नाही. मी त्यांच्याच स्वयंपाकघरात कुकर लावून बसले होते, सर पुढच्या खोलीत. भात शिजत आला आणि बझर वाजला. पडद्यावर एकच अक्षर होतं, 'नळी'तल्या 'न'चं. दुसरं आलंच नाही.

मी गेले तेव्हा ते पलंगावर अर्धवट वाकले होते, डोळे मोठे झालेले, हात कॅल्क्युलेटरवर तसाच. गळ्यातून आवाज येत नव्हता. मी नळीचं टोक धरलं, ते निसटलं, परत धरलं, वळवलं, काढलं. आत पिवळा, घट्ट, चिकट गोळा. कफ ओढायच्या मशीनचं बटण दाबलं आणि त्याची बारीक रबरी नळी त्यांच्या गळ्यात घातली. त्यांचं सगळं अंग खोकल्यानं उसळलं. माझ्या तोंडावर, साडीवर उडालं. मग श्वास आला, शिट्टीसारखा. मी नळी धुवून परत बसवली. थांबले नाही. नंतर मोरीत जाऊन ओकले.

परत आले तेव्हा ते टॉवेलनं तोंड पुसत होते. कॅल्क्युलेटर पुढे ओढून त्यांनी लिहायला सुरुवात केली. बोटं जड झाली होती, बराच वेळ लागला. 'शालूले सांगू नका.'

मी म्हटलं, "सर, त्यांना माहीत असायला हवं."

त्यांनी मान हलवली. पुन्हा लिहिलं. 'मग ती कधीच जानार नाही.'

संध्याकाळी शालिनीताई आल्या. चपला न काढता आधी त्यांच्यापाशी गेल्या, नळी पाहिली, कपाळ पाहिलं. मग मला विचारलं, "काही झालं का?" सर माझ्याकडे पाहत होते.

"नाही," मी म्हटलं. "दिवसभर निजले होते."

"माय बोलली माझ्यासंग," त्या म्हणाल्या. "ओळखलं मले. संत्र्याचा रस घेतला दोन चमचे." आणि मग पहिल्यांदा पलंगाच्या कडेवर टेकल्या.

त्यानंतर त्या चार-पाच वेळा काटोलला गेल्या. प्रत्येक वेळी पिशवी माझ्या गळ्यात. प्रत्येक वेळी मी त्यांच्याच घरात, सरांच्याच खोलीत, समोरच बसून राहत असे. मला त्या रेडिओवर आता भरवसा उरला नव्हता. सरांना ते आवडत नसे. ते मुद्दाम समोरून निरोप पाठवत, 'घरी जा'. मी एकचं बटण दाबायचे आणि बसून राहायचे. आई गेली तेव्हा शालिनीताई तिच्या उशाशी होत्या. नंतर त्या मला म्हणाल्या, "तुमच्यामुळं झालं, ताई."  नळी तुंबली तो दिवस मी त्यांना आजवर सांगितलेला नाही.

पावसाळ्यानंतर गळ्यावर गाठ आली. आम्ही तिघंही ती आठवडाभर नुसती बघत होतो. डॉक्टर म्हणाले, आता त्रास द्यायचा नाही. सर हळूहळू लहान होत गेले. आधी समीकरणं थांबली. मग वाक्यं. मग नुसतं पहिलं अक्षर यायचं आणि शालिनीताई पुढचं ओळखायच्या. मग त्यांची बोटं बटण खाली दाबण्याइतकीही उरली नाहीत. शालिनीताईंनी पिशवी खुंटीला अडकवली आणि आपलं मशीन ओढत त्यांच्या पलंगाजवळ आणून ठेवलं.

डिसेंबरातल्या एका पहाटे ते गेले. त्रिशरण-पंचशील म्हणायला कॉलेजातले बरेच जण आले होते, प्राचार्यही. कुणीतरी हळूच विचारलं की सर शेवटी काही बोलले का. शालिनीताई म्हणाल्या, "बोलनार कशानं?"

ते जाण्याच्या दोन दिवस आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. रविवार होता. अंगणात ऊन आलं होतं आणि त्यांना खुर्चीत उशांच्या आधारानं बसवलं होतं. शालिनीताई त्यांची दाढी करत होत्या. चेहऱ्यावर शिवणीच्या खुणा इतक्या की वस्तरा कुठून न्यायचा हे एकट्या त्यांनाच ठाऊक. मी फाटकाशी थांबले. सरांनी मला पाहिलं आणि हात उचलला. तोंड उघडलं. जीभ नसलेल्या तोंडानं त्यांनी काहीतरी म्हटलं. ओठ हलले, नळीतून वारा आला.

"चहा विचारून राहिले तुमाले," शालिनीताई वळून न पाहता म्हणाल्या.

सरांनी मान हलवली. नाही.

"बसा म्हनून राहिले."

नाही.

त्यांनी परत ओठ हलवले, या वेळी सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून, वर्गातल्या मागच्या बाकासाठी सांगावं तसे. मी जवळ गेले, वाकले. शालिनीताईही हात थांबवून त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. आम्हाला दोघींनाही काही कळलं नाही.

"ऊन लागून राहिलं का?" शालिनीताईंनी विचारलं. "आत नेऊ?"

सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग शालिनीताईंकडे. मग त्यांनी मान हलवली, या वेळी हो म्हणून. ते हो नव्हतं हे आम्हा दोघींनाही कळलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. शालिनीताईंनी वस्तरा वाटीतल्या पाण्यात बुडवला आणि उरलेला गाल करायला घेतला.